लिनक्स मिंटचा मेनू, कंडक्टर काकांच्या पेटीच्या मापाने

"माझ्या पेटीत पाचचं तिकीट पाचच्याच खणात असायचं. रात्रीच्या लातूर गाडीत आतला दिवा गेला तरी हात बरोबर तिथंच जायचा. तुमच्या ह्या पेटीत काल वर होतं ते आज खाली कसं गेलं?"

हे आमचे कंडक्टर काका. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. तिकिटाचं मशीन यायच्या आधीचा त्यांचा काळ. म्हणजे किमतीप्रमाणे तिकिटांचे गठ्ठे लावलेली पेटी आणि हातात टकटक वाजणारा पंच. वाचनालयातल्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसून, चष्मा कपाळावर ढकलून ते मला जाब विचारत होते. चूक माझीच होती, ती पुढे सांगतो. पण लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची मोफत प्रणाली, नवख्या माणसाला झेपते का, हे ठरवायला त्यांची ती पेटी मला कुठल्याही मासिकातल्या तारांकित गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आधी थोडं मशीनबद्दल. मी बार्शीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, सोळा वर्षं झाली. आमच्या पेठेतल्या वाचनालयात चार जुनी मशीन आहेत, तिसऱ्या पिढीचे आय-थ्री, प्रत्येकी चार जीबी रॅम. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे ही चौघं त्या दारातून आत जात नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, "भंगारात घालायची का?" म्हटलं, थांबा जरा. दिवाळीनंतर चारही मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकली आणि वर लिनक्स मिंट २२.२, त्यातली एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. मिंटवाले किमान दोन जीबी रॅम आणि चार असली तर बरं असं सांगतात, ते खरं आहे. फायरफॉक्समध्ये पंधरा टॅब उघडले नाहीत तर मशीन निवांत चालतं. खर्च फक्त एसएसडीचा आणि माझ्या दोन रविवारांचा.

मिंट २००६ पासून आहे आणि त्याचा वेग, सुरक्षा, अपडेट ह्यावर लोकांनी ढिगानं लिहिलंय. मी फक्त मेनूवर लिहिणार आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मी तिथं शिकवायला बसतो. समोर पाच-सहा जण असतात. कंडक्टर काका, पोरांची मेस चालवणाऱ्या वहिनी, भजनी मंडळातले दोघे, एक शिलाईकाम करणाऱ्या आत्या. ह्यांच्यापैकी कुणालाही कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कुठला आहे ह्याच्याशी देणंघेणं नाही. मशीन चालू झालं की पहिला प्रश्न असतो, "आता कुठं दाबू?" आणि त्याचं उत्तर मेनूत असतं.

एक्सएफसीई मिंटमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात बटण असतं. ते दाबलं की जो मेनू उघडतो त्याला व्हिस्कर मेनू म्हणतात. एका बाजूला कप्पे, म्हणजे ऑफिस, इंटरनेट, ग्राफिक्स वगैरे. दुसऱ्या बाजूला त्या कप्प्यातले प्रोग्राम. शोधायला एक चौकट. कप्प्यांच्या यादीत सगळ्यात वर "आवडते" आणि "अलीकडे वापरलेले". मांडणी विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ओळखीची वाटेल अशी आहे. बटण कोपऱ्यात आहे हेही चांगलं, कारण माऊस कसाही खाली-डावीकडे ढकलला तरी तो कोपऱ्यातच जाऊन थांबतो. नवख्याच्या हाताला अडायला भिंत लागते. विंडोज ११ ने बटण मधे नेलं, ते दिसायला छान असेल, पण आमच्या आत्यांचा बाण तिथं कधीच थांबला नसता.

इतकं झालं कौतुक. आता हा मेनू जसा येतो तसा नवख्यांना द्यावा का? नाही. अर्धा-पाऊण तास त्याच्यावर खर्च करावा लागतो. तो खर्च करायची सोय मात्र मिंटमध्ये आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण.

पहिली अडचण नावांची. सेल्युलॉइड, रिदमबॉक्स, थुनार, वॉर्पिनेटर, हिप्नॉटिक्स. वहिनींनी ही यादी वाचून मला विचारलं, "भाऊजी, ही औषधं आहेत का?" हसू नका, त्यांचा मुद्दा बरोबर आहे. सेल्युलॉइड म्हणजे व्हिडिओ बघायचं, रिदमबॉक्स म्हणजे गाणी ऐकायची, थुनार म्हणजे फाईली बघायच्या. नावावरून काम कळत नाही. व्हिस्कर मेनूच्या सेटिंगमध्ये एक खूण आहे, ती केली की प्रोग्रामच्या खास नावाऐवजी त्याच्या जातीचं नाव दिसतं. हिशोबाच्या कॅल्कच्या जागी स्प्रेडशीट, वगैरे. सुरुवातीला मी तेवढंच केलं. पण स्प्रेडशीट हा शब्द तरी कुणाला ठाऊक होता?

मग एका शुक्रवारी कॉम्प्युटर बंदच ठेवले. फळ्यावर लिहिलं, "तुम्ही इथं काय करायला येता?" आणि प्रत्येकाला बोलतं केलं. वहिनी म्हणाल्या, "मेसचा हिशोब. कोणी किती दिवस जेवलं." काकांना सोसायटीला अर्ज लिहायचा होता, आणि सातबारा बघायचा होता. आत्यांना लाईट बिल. भजनी मंडळाला पेनड्राईव्हमधली भजनं ऐकायची होती. मोबाईलमधले फोटो सगळ्यांनाच. कुणीही "वर्ड प्रोसेसर" म्हटलं नाही, आणि "ऑफिस" तर नाहीच. वहिनींच्या मते ऑफिस म्हणजे जिथं सही-शिक्क्यासाठी तीन चकरा माराव्या लागतात ते.

ती फळ्यावरची यादी मी जशीच्या तशी मेनूत चढवली. मेनूच्या बटणावर उजवं क्लिक करून प्रोग्राम संपादित करायचा पर्याय घेतला की मेनूलिब्रे नावाचं साधन उघडतं. त्यात प्रत्येक नोंदीचं नाव, खालचं वर्णन आणि चित्र बदलता येतं. ह्याच्या मागची गंमत सांगतो, कारण ती कळली की भीती जाते. लिनक्सच्या मेनूतली प्रत्येक नोंद म्हणजे एक छोटी साधी मजकुराची फाईल असते. त्यात एक ओळ नावाची, एक चित्राची, एक कुठल्या कप्प्यात टाकायचं त्याची, आणि एक नेमकं काय चालवायचं त्याची. एकाच फाईलमध्ये प्रत्येक भाषेसाठी नावाची वेगळी ओळ ठेवता येते, मराठीसाठीसुद्धा. मेनूलिब्रेतून बदल केला की मूळ फाईल तशीच राहते आणि तुमची प्रत तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये बसते. त्यामुळे पुढच्या अपडेटमध्ये तुमचं "हिशोब" पुन्हा "कॅल्क" होत नाही. महिनाभर अपडेट येऊन गेले, नावं जागच्या जागी आहेत.

तर आता आमच्या मेनूत हे दिसतं: पत्र लिहा. हिशोब. मोबाईलमधले फोटो. पेनड्राईव्ह आणि फाईली. भजनं आणि गाणी. इंटरनेट. सातबारा. लाईट बिल. मशीन बंद करा.

ह्यात सातबारा आणि लाईट बिल कसे आले असं विचाराल. मिंटमध्ये २०२१ च्या सुरुवातीपासून वेब ॲप्स नावाचं एक साधन मिळतं. त्यात वेबसाईटचा पत्ता, नाव आणि चित्र दिलं की ती साईट मेनूत एखाद्या प्रोग्रामसारखी येऊन बसते आणि स्वतःच्या खिडकीत उघडते. वर पत्त्याची पट्टी नाही, टॅब नाहीत. पत्त्याच्या पट्टीत काहीतरी टाईप होऊन भलतीच साईट उघडायची, ती भानगडच संपली. ह्या एका साधनासाठी मी मिंटला पैकीच्या पैकी द्यायला तयार आहे. "मशीन बंद करा" ही नोंद मात्र मी हातानं केली. मेनूत बंद करायचं चित्र असतं, पण ते बारीक, चित्रापुढे शब्द नाही, आणि आमच्याकडे दोघांनी त्याऐवजी शेजारचं कुलूप दाबून मशीन पासवर्डला नेऊन ठेवलं होतं.

हे सगळे नऊ "आवडते" कप्प्यात टाकले आणि आधीपासून तिथं बसलेलं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाईप करायची खिडकी, काढून टाकलं. मला स्वतःला टर्मिनल दिवसातून वीस वेळा लागतं. पण आत्यांना ती काळी खिडकी चुकून उघडून दिसली तेव्हा त्यांनी सरळ मेन स्विच बंद केला होता. बिघडलं असं वाटलं त्यांना.

आता ती माझी चूक. मेनू उघडल्यावर आधी कुठला कप्पा दिसावा हे ठरवता येतं. मी शहाणपणा करून "अलीकडे वापरलेले" ठेवलं. वाटलं, जे रोज लागतं ते आपोआप वर येईल, म्हणजे शोधायचा त्रास नको. सोमवारी शाळेच्या पोरांनी येऊन फोटो आणि गाणी चालवली. मंगळवारी काका आले तेव्हा "पत्र लिहा" चौथ्या जागेवर गेलेलं. त्यांनी पहिल्या जागेवर क्लिक केलं, गाणी सुरू झाली, तीही मोठ्या आवाजात, आणि वाचनालयात पेपर वाचणारे सगळे मागे वळून बघायला लागले. त्यानंतर आलं ते पेटीचं वाक्य.

खरं म्हणजे मला हे कळायला हवं होतं. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं हाच प्रयोग केला होता. जे पर्याय तुम्ही वापरत नाही ते मेनूतून आपोआप दडवले जायचे, आणि खाली दोन बाण दिसायचे. थोडे दाखवले की सोपं होईल हा हिशोब. पण मेनूचा चेहरा रोज निराळा झाला. ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली आणि वर्ड-एक्सेलमधून तो प्रकारच गेला. तीच गोष्ट विंडोज ८ ची. १९९५ पासून लोकांच्या बोटात बसलेलं स्टार्ट बटण २०१२ मध्ये काढलं, पुढच्या वर्षी बटण परत आणावं लागलं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर अख्खा मेनू. एवढ्या मोठ्या कंपनीच्या लक्षात यायला वर्षं लागली ते काकांनी एका दुपारी सांगितलं. लांब यादीला ते घाबरत नव्हते. बार्शी ते सोलापूर सगळे थांबे त्यांना क्रमानं पाठ. त्यांना हवं होतं ते एवढंच, की वैराग वैरागच्याच जागी असावं.

मी "आवडते" पुन्हा पुढे आणलं आणि "अलीकडे वापरलेले" मध्ये किती नोंदी ठेवायच्या तो आकडा शून्य केला. कप्पाच गायब झाला. शिवाय कप्प्यावरून नुसता बाण फिरला तरी कप्पा बदलायची एक सोय व्हिस्करमध्ये असते. ती चालू असेल तर बंद करा. हात थरथरणाऱ्या माणसाला ती सोय शाप आहे. बाण प्रोग्रामकडे नेताना वाटेत दुसऱ्या कप्प्याला घासला की सगळी यादी बदलते.

अक्षरांचं बोलायचं तर मेनूचा फॉन्ट मोठा करा. इंग्रजी १० च्या आकारात वाचता येतं, देवनागरी नाही. त्या आकारात ऱ्हस्व आणि दीर्घ उकार सारखेच दिसतात आणि रफार शिरोरेषेत विरघळतो. मी १३ ठेवला. मेनूची खिडकी कोपरा धरून ओढली की मोठी होते, चित्रांचा आकारही वाढवता येतो. नऊच्या नऊ नोंदी सरकवायला न लागता एका नजरेत दिसल्या पाहिजेत, कारण उजवीकडची ती सरकपट्टी नवख्याला दिसतच नाही. दिसली तरी ती धरून ओढायची असते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

इथपर्यंत सगळं डेस्कटॉपच्या मेनूचं. खरी गंमत "पत्र लिहा" वर क्लिक केल्यावर सुरू होते, कारण आत लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर, बसलंय आणि त्याला स्वतःचे दहा-अकरा मेनू आहेत.

फाईल मेनू मोजला तर दोन डझनाच्या आसपास पर्याय निघतात. मला वाटलं, छाटूया. लिब्रेऑफिसमध्ये साधनांच्या मेनूत कस्टमाइझ म्हणून पर्याय आहे, तिथून कुठलाही मेनू हवा तसा कातरता येतो, आणि नको झालं तर पूर्ववतही करता येतो. मी फाईल मेनूत आठ ठेवले, बाकी उडवले. मेनू एकदम चकाचक. दोन वर्ग चांगले गेले. तिसऱ्या वेळी वहिनी घरून चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांच्या भाच्यानं लिहून दिलेलं, फाईलमध्ये जा, वरून अमुक नंबरचा पर्याय, मग त्याच्या खालचा. आमच्या मेनूत तो नव्हताच. यूट्यूबवर बघून आलेल्यांचंही तेच. मी सोपं करायच्या नादात ह्या माणसांना बाकी जगापासून तोडलं होतं. बाहेर कुणीही मदत करायला बसलं असतं तर त्याचा मेनू एक आणि ह्यांचा दुसरा.

पूर्ववत केलं. सगळे दोन डझन परत. आणि मग एक अख्खा तास फक्त मेनूच्या खुणांवर घेतला. हा तास मी आधी घ्यायला हवा होता, आणि मिंट असो की विंडोज, हे सगळीकडे लागू आहे.

वहिनींनी विचारलं, "ही अक्षरं फिकी का? शाई संपली का?" पेस्ट राखाडी दिसत होतं. अजून काही कॉपीच केलं नव्हतं, मग चिकटवणार काय? मी म्हटलं, "वहिनी, रेशन दुकानात पाटीवर साखर लिहिलेली असते की नाही? पण ह्या महिन्यात आली नसेल तर मिळत नाही. पाटी खोटी नाही, माल यायचाय." त्यांनी एक ओळ निवडून कॉपी केली, मेनू परत उघडला आणि पेस्ट काळं झालेलं बघून म्हणाल्या, "आली साखर." तेव्हापासून आमच्याकडे राखाडी पर्यायाला "साखर नाही" म्हणतात.

पुढे तीन टिंबं. प्रिंटच्या पुढे ती असतात, सेव्हच्या पुढे नसतात. काकांना वाटलं, जागा पुरली नाही म्हणून शब्द तोडलाय. त्यांना सांगितलं, टिंबं म्हणजे लगेच काही होणार नाही, आधी अजून विचारपूस होईल. "कुठं जायचं, किती जण, हाफ का फुल?" असं ते स्वतःच म्हणाले. टिंबांची भीती त्या क्षणी गेली. उलट टिंबांचे पर्याय ते बिनधास्त दाबायला लागले, कारण पुढे रद्द करायची संधी मिळते. टिंबं नसलेल्या पर्यायावर मात्र अजूनही माझ्याकडे एकदा बघतात.

उजवीकडचा छोटा बाण म्हणजे पोटमेनू. हा खरोखर त्रासाचा. आत्या बाण बरोबर त्या ओळीवर नेतात, पोटमेनू उघडतो, आणि तिकडे सरळ जायच्या ऐवजी हात तिरका जातो. शेजारची ओळ लागते, पोटमेनू मिटतो. चार वेळा झालं की डोळ्यांत पाणी. ह्यावर मला सापडलेला उपाय जुनाच आहे: मेनू एकदा क्लिक करून उघडा आणि माऊस सोडून द्या. पुढचं सगळं कीबोर्डच्या चार बाणांनी. खाली, खाली, उजवीकडे, एंटर. शिलाई मशीनवर टाका मोजणाऱ्या बाईला खाली-खाली-उजवीकडे मोजणं म्हणजे काहीच नाही. आता त्या माऊसवाल्यांपेक्षा वेगानं जातात.

शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की लिब्रेऑफिसमध्ये पर्याय शोधायची चौकट येते. २०२१ च्या ७.२ आवृत्तीपासून हे आहे. मला फार आवडतं. वर्गात कुणीही वापरत नाही, कारण शोधायचं तर टाईप करायला यावं लागतं. त्यामुळे त्याचे गुण मी धरलेले नाहीत.

मराठीचा प्रश्न सगळ्यात अवघड. मिंटमध्ये भाषा मराठी करता येते, लिब्रेऑफिसचं मराठी पॅकही आहे. हे काम स्वयंसेवकांनी केलेलं, त्यांना मनापासून नमस्कार. पण भाषांतर पूर्ण नाही. जुने पर्याय मराठीत, मागाहून आलेले इंग्रजीत, असा खिचडी मेनू समोर येतो. एका ओळीत "संपादन" आणि तिच्या खाली इंग्रजी. दुसरं म्हणजे शब्द. "जतन करा" वाचून आत्या म्हणाल्या, "जतन म्हणजे लोणच्यासारखं बरणीत का?" तशी त्यांची समजूत चुकीची नव्हती म्हणा. पण सेव्ह हा शब्द त्यांच्या मोबाईलमुळे तोंडात बसलेला होता. नंबर सेव्ह केला, फोटो सेव्ह केला. त्याचं जतन केलं की त्यांच्यासाठी नवा शब्द झाला. प्रिंटचं तसंच. उभ्या बार्शीत कुणी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन "मुद्रण करून द्या" म्हणत नाही.

त्यामुळे मी जो तोडगा काढला तो भाषाप्रेमींना आवडणार नाही. डेस्कटॉपचा मेनू मराठीत, कारण ती नावं आम्ही स्वतः ठेवली. लिब्रेऑफिसचे आतले मेनू इंग्रजीत, आणि शेजारी भिंतीवर एक तक्ता: फाईल, एडिट, इन्सर्ट, सेव्ह, प्रिंट देवनागरीत लिहून, प्रत्येकापुढे मराठीत काम. भजनी मंडळातले एक काका मात्र अडून बसले, "मला मराठीच पाहिजे." त्यांच्या खात्यावर मराठी ठेवलंय. प्रत्येकाचं खातं वेगळं केलं की भाषा वेगळी ठेवता येते, ही चांगली सोय. ते "जतन करा" दाबतात आणि तृप्त असतात.

एक अपघातही सांगतो. वहिनींनी एकदा मेनूच्या बटणावरच उजवं क्लिक केलं. तिथं येणाऱ्या यादीत ते बटण खालच्या पट्टीवरून काढून टाकायचाही पर्याय असतो. मशीननं इंग्रजीत विचारलं, नक्की काढू? वहिनींनी नम्रपणे होकार दिला. बटण गेलं, आणि बटणाबरोबर आमचा अख्खा वर्ग. मी दुकानात होतो, फोनवर नुसतं "सगळं गेलं" एवढंच कळलं. परत बसवायला दोन मिनिटं लागली, पण नवख्याच्या नजरेत कॉम्प्युटरच मेला होता. चूक माझी, कारण पट्टीच्या सेटिंगवर कडी घालता येते आणि मी ती घातली नव्हती. ती घालायला मात्र अॅडमिन होऊन एक फाईल बदलावी लागते. खिडकीत नुसती खूण करून होत नाही. पट्टी लॉक करायची जी खूण दिसते ती पट्टी हलू देत नाही, वरचं बटण काढण्यापासून वाचवत नाही. तुम्ही घरी कुणासाठी मिंट बसवत असाल तर ही कडी आठवणीनं घाला. मेनूतली एखादी नोंद लपवायचा पर्यायही असाच उजव्या क्लिकमध्ये असतो, आणि ती परत आणायचा तिथंच नसतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, उजवं बटण आपल्यासाठी नाही. वहिनींच्या माऊसच्या त्या बटणावर मी चक्क चिकटपट्टी लावली आहे.

प्रिंटर लागला, वायफाय लागलं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, एमएस-सीआयटी झालेल्यांना रोमनमधून टाईप करायची सवय असते त्यांनी थोडी कुरकुर केली. ह्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी ज्येष्ठांसाठी म्हणून खास "सोपं" केलेलं पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर मी बघितलंय, नाव घेत नाही. पडद्यावर सहा मोठे चौकोन, बाकी सगळं दडवलेलं. पहिला महिना लोक खूश. पण सातवं काम करायची वेळ आली की रस्ताच नाही. मिंटमध्ये "आवडते" कप्प्यात नऊ नोंदी आहेत, आणि शेजारी बाकीचे सगळे कप्पे उघडे आहेत. आत्यांनी गेल्या आठवड्यात कुणी न सांगता ग्राफिक्सचा कप्पा उघडून चित्रकलेचा प्रोग्राम शोधला आणि ब्लाउजच्या गळ्याचं डिझाइन काढलं. गळा वाकडा आला. पण तिथपर्यंत त्या स्वतः गेल्या.

कुणी घ्यावं, तर ज्यांच्याकडे जुनं मशीन आहे आणि पाऊण तास देणारं घरचं कुणी आहे त्यांनी. ज्यांना टॅली किंवा सरकारी डिजिटल सहीचं टोकन रोज वापरायचंय त्यांनी आधी ते चालतं का हे करून बघावं, मग पुढे जावं. आणि बसवून देऊन निघून जाणार असाल, तर नका देऊ. मेनू जसा येतो तसा तो माझ्यासारख्यांसाठी लावलेला आहे. दहापैकी सहा. नावं बदलून, जागा पक्क्या करून, कडी घालून दिलात तर साडेआठ. दीड मार्क त्या अर्धवट मराठीचे आणि त्या परत न येणाऱ्या लपवलेल्या नोंदींचे कापले.

चारही मशीनवर मांडणी एकसारखी ठेवायला मी पहिल्या मशीनच्या सेटिंगचे फोल्डर बाकीच्या तिघांवर उतरवले होते. परवा तीन नंबरच्या मशीनवर "मोबाईलमधले फोटो" ची नोंद बिघडली म्हणून मी ती काढून नव्यानं टाकली आणि दुकानात गेलो. साडेतीनला काकांचा फोन.

"तीन नंबरच्या गाडीत फोटो शेवटी गेलाय, बंद कराच्या खाली. तू हात लावलास का?"

लावला होता. जाऊन वर ओढला.